घरचा वायफाय राउटर कधी बदलायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेट अडायला लागलं की पहिला संशय राउटरवर जातो. नवा राउटर आणूनही तक्रार तशीच राहिलेली घरं मी पाहिली आहेत. जो केव्हाच बदलून टाकायला हवा होता असा राउटर "चालतोय की" म्हणून तसाच ठेवलेली घरंही पाहिली आहेत. मला या दुसऱ्या घरांची जास्त काळजी वाटते, कारण प्रश्न ८मध्ये दिलं आहे. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. घाईत असाल तर १, ३ आणि ८ एवढे तरी वाचा.

१. राउटर किती वर्षं टिकतो? ठरावीक वर्षांनी बदलायलाच हवा का?

नुसत्या वयावर निर्णय घेऊ नका. राउटरमध्ये झिजणारे भाग फारसे नसतात, त्यामुळे आठ-आठ वर्षं चालणारे राउटरही असतात. बदलण्याची खरी कारणं तीनच. पहिलं, कंपनीने त्या मॉडेलचे सुरक्षा अपडेट बंद केले आहेत. दुसरं, नेट राउटरपाशीच अडतंय हे तुम्ही मोजून पाहिलं आहे. तिसरं, राउटर स्वतःच बिघडत चालला आहे आणि अडॅप्टर बदलूनही फरक पडत नाही. यातलं एकही लागू नसेल तर राउटर राहू द्या, मग तो कितीही जुना दिसो.

२. माझा राउटर कुठल्या पिढीचा आहे हे कसं ओळखायचं?

राउटर उलटा करा. खालच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो आणि त्याच्या शेजारी बहुतेक वेळा व्ही१, व्ही२ अशी हार्डवेअरची आवृत्ती असते. दोन्हींचा फोटो काढून ठेवा, पुढे लागणार आहे.

वायफायचं मानक ८०२.११ या आकड्याने सुरू होतं आणि पिढी पुढच्या अक्षरांवरून कळते. 'जी' २००३चं, 'एन' २००९चं, 'एसी' २०१३चं. 'एएक्स'चे राउटर २०१९पासून प्रमाणपत्रासह येऊ लागले आणि 'बीई'चे २०२४पासून. ही अक्षरं लक्षात ठेवणं जड जातं म्हणून २०१८मध्ये सोपे क्रमांक आले: एन म्हणजे वायफाय ४, एसी म्हणजे ५, एएक्स म्हणजे ६ आणि बीई म्हणजे ७.

स्टिकर पुसला असेल तर फोनमध्ये दिसणारी नावं बघा. २.४ गिगाहर्ट्झ या रेडिओ पट्ट्याचं एकच नेटवर्क असेल आणि राउटरच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झचा उल्लेखच नसेल, तर तो बहुधा वायफाय ४ किंवा त्याआधीचा आहे.

३. नेट स्लो आहे. दोष राउटरचा की नेट देणाऱ्या कंपनीचा?

राउटर बदलण्याआधी हे एवढं तपासाच. अर्धा तास लागतो.

लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट तीनदा घ्या. घरातले बाकीचे मोठे डाउनलोड तेवढ्यापुरते थांबवा. मग केबल काढून राउटरपासून दोन मीटरवर, मध्ये भिंत नसताना, वायफायवर तीच टेस्ट घ्या. शेवटी जिथे त्रास होतो त्या खोलीत जाऊन घ्या. तिन्ही आकडे कागदावर लिहा आणि हाच प्रकार सकाळी एकदा, रात्री एकदा करा.

केबलवरच स्पीड प्लॅनपेक्षा खूप कमी असेल, तर वायफायचा त्यात काही संबंध नाही. रात्री कमी आणि पहाटे पूर्ण असं दिसलं तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे आणि नवा राउटर ती हटवू शकत नाही. दिवसरात्र एकाच आकड्यावर अडत असेल तर प्रश्न ४ पाहा. केबलवर पूर्ण पण दोन मीटरवर निम्माही नाही, असं असेल तर राउटरचं वायफाय किंवा तुमचं उपकरण जुनं आहे (प्रश्न १२). दोन मीटरवर छान आणि आतल्या खोलीत वाईट, तर प्रश्न जागेचा आहे (प्रश्न ५).

लॅपटॉपला लॅन पोर्ट नाही म्हणून काही जण टीव्हीवर टेस्ट घेतात. तसं करू नका. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचा असतो, त्यामुळे तुम्ही राउटर नव्हे तर टीव्ही मोजत बसता. यूएसबीला लावायचा गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसचा) लॅन अडॅप्टर कुणाकडून तरी मागून आणा.

४. प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे, पण स्पीड कायम ९४-९५वरच का थांबतो?

९४-९५ हा आकडा दिसला की मी बाकी काही विचारत नाही, आधी पोर्ट आणि केबल बघतो. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून पाकिटांची (डेटा ज्या तुकड्यांत जातो त्यांची) वेष्टनं वजा जाता प्रत्यक्षात तेवढंच हाती येतं. म्हणजे वाटेत कुठेतरी १००चा पोर्ट आहे, किंवा गिगाबिट जोडणी घसरून १००वर आली आहे.

कित्येक स्वस्त राउटरचं वायफाय १२००चं असतं आणि लॅन-वॅन पोर्ट (घरातल्या उपकरणांचे आणि बाहेरून नेट येण्याचा) मात्र १००चे. स्टिकरवर हे लिहिलेलं नसतं. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या पानावर पोर्टचा वेग बघावा लागतो. पोर्टच १००चे असतील आणि प्लॅन त्याहून मोठा असेल, तर राउटर बदलणं योग्य आहे.

पण आधी केबल. गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, १००ला चार पुरतात. एका घरात मी सगळं तपासून दमलो होतो. शेवटी मोडेमकडून राउटरकडे जाणारी केबल काढून उजेडात धरली, तर पारदर्शक कनेक्टरमध्ये तपकिरी तार शेवटपर्यंत पोचलीच नव्हती. दाराच्या फटीत चेपून मागे सरकली होती. दोन मीटरची नवी केबल लावली आणि आकडा ९४वरून १९६वर गेला. राउटर तोच.

५. हॉलमध्ये छान चालतं, आतल्या खोलीत रेंज नाही. नवा राउटर घेतला तर पोचेल का?

बऱ्याचदा नाही. राउटरने किती ताकदीने सिग्नल सोडावा यावर प्रत्येक देशात कायद्याने मर्यादा आहे. जुन्यालाही तीच, नव्यालाही तीच. शिवाय फोनची ताकद राउटरपेक्षा कमी असते. राउटरचा आवाज फोनपर्यंत पोचला तरी फोनचं उत्तर परत पोचायला हवं, आणि नवा राउटर फोनचा आवाज वाढवू शकत नाही.

भिंत काय करते हे आकड्यांत बघायचं असेल तर अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं अ‍ॅप टाका. सिग्नल उणे डीबीएममध्ये दिसतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८०ला पान उघडायलाही वेळ लागतो. दर ३ डीबीएमला ताकद निम्मी होते आणि १०ला एक दशांश, हे लक्षात ठेवून आकडे वाचा. फोन हातात धरून राउटरपासून त्या खोलीपर्यंत सावकाश चाला. आकडा कुठे कोसळतो ते दिसेल. सळया घातलेली काँक्रीटची भिंत, लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रीज, माशांची टाकी, यापैकी काहीतरी तिथे सापडतं.

म्हणून आधी जागा बदला. राउटर टीव्हीच्या मागून आणि कपाटातून बाहेर काढा. घराच्या मध्याकडे, छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर ठेवा. अँटेना उभी असली की सिग्नल तिच्याभोवती गाडीच्या टायरसारखा आडवा पसरतो, टोकाच्या दिशेने कमी जातो. वरच्या मजल्यावर पोचवायचं असेल तर एखादी अँटेना आडवी करून बघा. अँटेना सहा आहेत म्हणून रेंज तिप्पट, असं मात्र होत नाही.

आणखी एक. २.४ गिगाहर्ट्झ भिंतींतून जास्त जातो पण त्यात गर्दी फार, शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतींपुढे लवकर थकतो. ६चा पट्टा त्याहून लवकर. फक्त रेंजसाठी महागडा नवा राउटर घेतलेल्यांची निराशा होते ती इथेच.

६. मग रिपीटर घ्यावा, मेश घ्यावा की आणखी काही?

केबल नेता येत असेल तर दुसरा विचार करू नका. लॅन केबल आतल्या खोलीपर्यंत न्या आणि तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून आलेलं नेट वायफायने पसरवणारा डबा, लावा. जुना राउटरही या कामाला चालतो, पण अट प्रश्न २०मध्ये दिली आहे. केबल शक्यच नसेल तर मेश, म्हणजे एकमेकांशी बोलून एकच नेटवर्क पसरवणारे दोन-तीन डबे. त्याचा दुसरा डबा मात्र जिथे रेंज अजून चांगली आहे तिथे ठेवा. मेलेल्या कोपऱ्यात ठेवला तर त्यालाच काही मिळत नाही, तो पुढे काय देणार? साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. ईमेल आणि मेसेजपुरता तो चालून जातो.

७. राउटर दिवसातून दोन-तीनदा बंद करून चालू करावा लागतो. बाद झाला का?

आधी तो स्वतःहून रिस्टार्ट होतोय की चालू असूनच अडकतोय, हे वेगळं करा. राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'अपटाइम' दिसतो, म्हणजे शेवटचा चालू झाल्यापासून किती वेळ गेला ते. तुम्ही हात लावलेला नसताना तो दोन तास दाखवत असेल, तर राउटर स्वतःच बंद पडून उठतोय.

माझ्या घरी हेच होत होतं. रोज संध्याकाळी सगळे ऑनलाइन आले की सगळे दिवे एकदम विझायचे आणि पुन्हा एकेक लागायचे. अडॅप्टरला हात लावला तर चटका बसला. मल्टिमीटरवर मोकळा अडॅप्टर १२ व्होल्ट दाखवत होता, पण राउटर जोडून भार आला की ९च्या खाली घसरायचा. अडॅप्टरच्या आतले कपॅसिटर उष्णतेने वाळत जातात, त्याचा हा परिणाम. नवा अडॅप्टर लावला आणि तोच राउटर पुढे दोन वर्षं एकदाही बंद न पडता चालला. अडॅप्टर घेताना व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, आणि पिनची धन-ऋण बाजू स्टिकरवरच्या चित्राप्रमाणे हवी.

अपटाइम पाच दिवस दाखवतोय आणि तरी नेट गेलं, तर राउटर जागा आहे. तेव्हा लॉग, म्हणजे राउटरने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी, बघा. कंपनीकडची जोडणी तुटून पुन्हा जुळत असेल तर ती नोंद तिथे असते आणि तक्रार कंपनीकडे करायची. तशी नोंद नाही, राउटर गरम आहे, अडॅप्टर बदलून झाला, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) ताजं आहे आणि तरी तो अडकतोच, तर त्याचा काळ संपला.

८. सगळं व्यवस्थित चाललंय. तरी "अपडेट बंद झाले, बदला" असं का सांगतात?

राउटर हा घराचा दरवाजा आहे आणि तो चोवीस तास इंटरनेटच्या रस्त्यावर उघडा असतो. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चुका असतातच आणि त्या एकेक करून सापडत राहतात. कंपनी अपडेट देते तोवर त्या बुजवल्या जातात. अपडेट थांबले की पुढे सापडणारी प्रत्येक चूक कायमची उघडी राहते. ती चूक कोणती, कुठल्या मॉडेलमध्ये, हे मात्र सगळ्या जगाला कळलेलं असतं.

हा धोका कल्पनेतला नाही. मे २०१८मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा घातक प्रोग्रॅम ५४ देशांतल्या किमान ५ लाख उपकरणांत शिरल्याचं उघड झालं. त्यातले बहुतेक घरचे आणि छोट्या कार्यालयांचे राउटर होते. मे २०२५मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला की अपडेट संपलेले जुने राउटर ताब्यात घेऊन गुन्हेगार स्वतःची ओळख लपवायला ते वापरत आहेत. असा राउटर तुमच्या घरात असेल तर तुम्हाला काहीच जाणवत नाही. नेट चालू, दिवे हिरवे. दुसऱ्याने केलेल्या फसवणुकीचा माग मात्र तुमच्या पत्त्यापर्यंत येऊन थांबतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: स्लो पण अपडेट मिळणारा राउटर काही दिवस चालवून घेता येतो. वेगवान पण अपडेट संपलेला राउटर बदला, आणि बदलेपर्यंत प्रश्न १०मधल्या गोष्टी करून ठेवा.

९. अपडेट बंद झालेत हे कळणार कसं?

राउटरच्या पानावर "तुमचं फर्मवेअर अद्ययावत आहे" असं दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. याचा अर्थ त्याहून नवं फर्मवेअर निघालेलं नाही एवढाच, आणि अपडेट बंद झालेल्या मॉडेलवरही हेच दिसतं. शेवटच्या फर्मवेअरची तारीख बघा. कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल नंबर आणि हार्डवेअर आवृत्ती दोन्ही जुळवून डाउनलोडचं पान उघडा. शेवटची फाइल तीन-चार वर्षांपूर्वीची असेल तर आधार संपला असं धरून चाला. बऱ्याच कंपन्या सेवा संपलेल्या मॉडेलांची यादीही ठेवतात. राउटर नेट देणाऱ्या कंपनीचा असेल तर त्यांनाच लेखी विचारा, कारण अशा राउटरचं फर्मवेअर बहुधा तेच पाठवतात.

१०. माझा पासवर्ड मोठा आणि अवघड आहे. मग काय भीती?

वायफायच्या पासवर्डने शेजारून येणारा अडतो, इंटरनेटकडून येणारा नाही. आणि शेजारच्याला अडवायलाही पासवर्डमागची पद्धत भक्कम हवी. डब्ल्यूईपी २००१मध्येच फोडली गेली. तुमच्या राउटरला त्याहून चांगली पद्धत येतच नसेल तर तो आजच काढा. डब्ल्यूपीए२ २००४पासून आहे आणि एईएस या सांकेतिकीकरणासह वापरली तर अजून चालण्याजोगी आहे. डब्ल्यूपीए३ २०१८ची, आणि जुलै २०२०पासून प्रमाणपत्र घेणाऱ्या नव्या उपकरणांना ती सक्तीची झाली.

बटण किंवा पिन वापरून जोडायची डब्ल्यूपीएस सोय बंद करा. तिचा पिन आठ आकडी असला तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा हिशेबाने काढता येतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत तो सापडतो. २०११मध्येच हे उघड झालं होतं. बाहेरून सेटिंग बदलण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद करा. आणि सेटिंगच्या पानाचा पासवर्ड अजून स्टिकरवरचाच असेल तर तो आत्ता बदला.

११. घ्यायचाच झाला तर वायफाय ६ घेऊ की ७?

आज बहुतेक घरांना वायफाय ६ पुरतो. वायफाय ५ची सुधारणा फक्त ५ गिगाहर्ट्झवर होती, ६ने २.४लाही हात लावला. एकाच वेळी अनेक उपकरणांना थोडं थोडं नेट वाटून देण्याची सोय त्यात आहे. घरात फोन, टीव्ही, कॅमेरे, दिवे मिळून पंधरा-वीस उपकरणं असतील तर हा फरक जाणवतो.

वायफाय ७ घेताना एक गोष्ट नीट बघा. त्याची ३२० मेगाहर्ट्झची रुंद वाट फक्त ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मिळते आणि ७ असं लिहिलेल्या काही राउटरमध्ये तो पट्टाच नसतो. हा पट्टा सगळ्या देशांत सारखा खुलाही नाही. प्लॅन गिगाबिटहून मोठा असेल किंवा घरातल्या घरात मोठ्या फाइली हलवत असाल तर ७चा विचार करा. नाहीतर तोच पैसा केबल टाकण्यावर खर्च करा. अपडेट किती वर्षं मिळणार हे लिहून देणाऱ्या कंपनीला मी वेगापेक्षा जास्त गुण देतो.

१२. फोन आणि लॅपटॉप जुने आहेत. नव्या राउटरचा उपयोग होईल का?

दोघांपैकी जो मागचा, त्याच्या चालीने दोघं चालतात. वायफाय ४चा लॅपटॉप वायफाय ७च्या राउटरलाही वायफाय ४नेच जोडला जातो. दोन अँटेनांचा असा लॅपटॉप ४० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर जास्तीत जास्त ३०० एमबीपीएसची जोडणी करतो आणि हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास पडतं. फायदा आडवाटेने होतो: बाकीची नवी उपकरणं आपलं काम पटकन उरकतात आणि जुन्याला हवा मोकळी मिळते. घरात एकही नवं उपकरण नसेल आणि राउटरचे अपडेट चालू असतील तर थांबा.

१३. खोक्यावर ३००० लिहिलंय, फोनवर ६००-७०० मिळतात. फसवलं का?

फसवलं नाही, पण तो आकडा बेरजेचा आहे. एएक्स३००० म्हणजे २.४वर ५७४ आणि ५वर २४०२. एक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. २४०२ मिळायला दोन्हीकडे १६० मेगाहर्ट्झची रुंदी हवी. बऱ्याच फोनांत ८०च असते, म्हणजे जोडणी १२०१ची. हवेतल्या सूचना आणि वाट बघण्यात त्यातला निम्म्याच्या जवळपास जातो. ६००-७०० ही चांगली कामगिरी आहे.

१४. एका जुन्या उपकरणामुळे सगळ्या घराचं वायफाय स्लो होतं, हे खरं?

अगदी खरं. हवा एकच आहे आणि एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. १५०० बाइटचं एक पाकीट १ एमबीपीएसने पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात, ५४ने पाव मिलिसेकंदाहून कमी. जुना प्रिंटर किंवा लांबच्या कोपऱ्यातला कॅमेरा असा रेंगाळत बोलत असताना बाकी सगळे ताटकळतात. २.४च्या सेटिंगमधून 'बी' मोड ('जी'च्याही आधीची पिढी) काढून टाका, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा आणि चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी निवडा. टीव्ही केबलवर न्या. इतक्याने भागलं तर राउटर बदलायचं कारण उरत नाही.

१५. घरात कुणी फोटो अपलोड करायला लागलं की माझी मीटिंग अडकते. स्पीड टेस्ट मात्र छान येते. हे काय?

स्पीड टेस्टचा मोठा आकडा हा दोष झाकतो, म्हणून लोक वर्षानुवर्षं सोसत राहतात. अपलोडची वाट भरली की राउटर पाकिटं टाकून देण्याऐवजी लांब रांगेत उभी करतो. तुमचा आवाज त्या रांगेच्या शेवटी उभा राहतो.

तपासायचं असं: लॅपटॉप केबलवर, एका खिडकीत पिंग (संदेश जाऊन उत्तर परत यायला किती वेळ लागतो हे मोजणारी कमांड) चालू ठेवा. शांत असताना तो १५-२० मिलिसेकंद असेल. मग फोनवरून मोठा व्हिडिओ अपलोडला लावा. पिंग ३००-४००वर चढला आणि अपलोड थांबताच खाली आला, तर निदान पक्कं.

उपाय म्हणजे रांगेची शिस्त. राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस (रांगेत कुणाला आधी सोडायचं हे ठरवणारी सोय) असेल तर चालू करा आणि वेगमर्यादा प्रत्यक्ष स्पीडच्या ८५-९० टक्के ठेवा. थोडा वेग जातो, पण मीटिंग सुरळीत होते. जुन्या राउटरमध्ये ही सोय नसेल, किंवा चालू केल्यावर त्याचा प्रोसेसर दमून एकूण वेगच कोसळत असेल, तर घरून काम करणाऱ्याने राउटर बदलावा. पैसे सत्कारणी लागतात असं हे माझ्या मते सर्वांत ठळक उदाहरण आहे.

१६. राउटर नेट देणाऱ्या कंपनीने दिलेला आहे. मी माझा लावू शकतो का?

आधी कंपनीला विचारा की त्या जुन्या डब्याऐवजी नवा मिळतो का. बऱ्याचदा न मागितल्यामुळेच तो मिळालेला नसतो. स्वतःचा लावायचा असेल तर फायबरचा डबा तसाच राहतो आणि तुमचा राउटर त्याच्यामागे येतो. कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो राउटरचं काम न करता नेट फक्त पुढे सोडेल. नाहीतर दोन राउटर एकामागे एक पत्ते वाटत बसतात आणि गेम, कॅमेरे, ऑफिसचं व्हीपीएन अडतं. ब्रिज मिळत नसेल तर तुमचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर चालवा. पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटला लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम आणि पासवर्ड जुना राउटर काढण्याआधीच मागून ठेवा, नंतर नेटच नसतं.

१७. नवा राउटर लावला. लॅपटॉप ५४च्या वर जात नाही आणि स्मार्ट प्लग जोडलाच जात नाही. राउटर खराब निघाला का?

राउटर ठीक आहे, सेटिंग जुनं आलंय. सुरक्षेच्या जागी टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी यांपैकी जुनी पद्धत निवडलं असेल तर नियमानेच ८०२.११एनचे वेग बंद होतात आणि जोडणी ५४वर अडते. डब्ल्यूपीए२-एईएस किंवा डब्ल्यूपीए२ आणि ३चा मिश्र पर्याय निवडा. स्मार्ट प्लगना बहुधा फक्त २.४ कळतो आणि काहींना डब्ल्यूपीए३ कळत नाही. त्यांच्यासाठी २.४वर डब्ल्यूपीए२चं गेस्ट नेटवर्क काढा. सुरक्षेच्या दृष्टीनेही ती उपकरणं वेगळी असलेली बरी.

जुनं नाव आणि जुना पासवर्ड नव्या राउटरला हुबेहूब दिला तर बहुतेक उपकरणं आपोआप जोडली जातात.

१८. ५ गिगाहर्ट्झचं नाव मधूनच गायब होतं आणि परत येतं. राउटर बदलू?

नको. चॅनेल ५२ ते १४४ यांतला असेल तर तो पट्टा रडारसोबत वाटून घेतलेला आहे. रडारसारखं काही ऐकू आलं की राउटरने तो चॅनेल सोडणं बंधनकारक असतं आणि तिथे बोलण्याआधी त्याला निदान एक मिनिट ऐकावं लागतं. रिस्टार्टनंतर ५चं नाव उशिरा दिसतं तेही यामुळेच. चॅनेल ३६ ते ४८मधला निवडा. तरीही नाव जात असेल तर प्रश्न ७.

१९. ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या फर्मवेअरऐवजी टाकायचं मोकळं फर्मवेअर) टाकून जुन्या राउटरचं आयुष्य वाढवता येतं का?

येतं, आणि मॉडेल त्याच्या यादीत असेल तर अपडेटचा प्रश्नही सुटतो. २००४पासून चालत आलेला हा मोकळा प्रकल्प आहे. पण ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाल्या राउटरवर नव्या आवृत्त्या बसत नाहीत आणि काही चिपचं वायफाय त्यात नीट चालत नाही. हार्डवेअर आवृत्ती चुकली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. हातात दुसरा चालू राउटर असेल तरच करा.

२०. बदलल्यावर जुन्याचं काय करू? मिनी यूपीएस तोच चालेल का?

यूपीएसचं आधी. नव्या राउटरच्या स्टिकरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. जुना ९ व्होल्टचा आणि नवा १२चा असेल, किंवा नव्याला २ अँपिअर लागत असतील आणि यूपीएस १ देत असेल, तर तो चालणार नाही.

जुन्या राउटरचे अपडेट अजून चालू असतील तर त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट करा. मोड तयार मिळाला तर उत्तम. नसेल तर त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, पत्ता मुख्य राउटरहून वेगळा द्या आणि केबल दोन्हीकडे लॅन पोर्टमध्येच लावा. अपडेट संपलेले असतील तर त्याला घराच्या नेटवर्कमध्ये ठेवू नका, अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणूनही नाही.

देऊन टाकायचा किंवा ई-कचऱ्यात द्यायचा असेल तर मागच्या छोट्या छिद्रातलं रीसेट बटण राउटर चालू असताना दहा सेकंद दाबून धरा. तुमचा वायफाय पासवर्ड आणि नेटचं युजरनेम त्यात साठवलेलं असतं. मग पुन्हा चालू करून फोनवर बघा: तुम्ही ठेवलेलं नाव जाऊन स्टिकरवरचं मूळ नाव दिसलं, तरच तो हातावेगळा करा.